तीन काळी जनावरं, तीन कारणं: केसांच्या रंगाच्या जनुकांची पार्श्वभूमी

आटपाडी, जत किंवा माणच्या एखाद्या वस्तीवर तीन काळी जनावरं एकाच नजरेत मावतात. गोठ्यात बांधलेली संकरित कालवड, रानात खतासाठी बसवलेल्या कळपातली काळी मेंढी आणि त्या कळपाच्या राखणीचा काळा कुत्रा. तिघांच्या केसांत रंगद्रव्य एकच, युमेलॅनिन. पण ते सगळ्या अंगावर पसरण्याची कारणं तीन वेगळी आहेत. कालवडीत रंगपेशीच्या पृष्ठभागावरचं एक ग्राहक-प्रथिन कायमचं चालू राहिलेलं असतं. मेंढ्यांच्या बऱ्याच जातींत त्या ग्राहकाला आवर घालणारं प्रथिनच तयार होत नाही. आणि काळ्या कुत्र्यात हा सगळा उद्योग अशा प्रथिनाने केलेला असतो, ज्याच्या घराण्याचं मूळ काम जंतूंशी लढण्याचं आहे.

रंगावरून रक्त ओळखता येतं, ही समजूत खरसुंडीच्या, म्हसवडच्या किंवा पुसेगावच्या यात्रेत जनावर बघायला गेलेल्या कुणालाही नवी नाही. खिलार खोंडाच्या खांद्यावरची, मांड्यांवरची काळसर झाक कुणी मिरवतो, तर कुणी तीच बघून 'यात मिसळ आहे' म्हणतो. दोघंही रंगाला जरा जास्तच महत्त्व देतात. ते का, हे कळायला गेल्या सव्वाशे वर्षांतल्या, त्यातही १९९० नंतरच्या घडामोडींकडे बघावं लागतं.

उंदरांचा काळ

सुरुवातीचा भाग थोडक्यात. मेंडेलचे नियम १९०० साली पुन्हा उजेडात आले आणि दोनच वर्षांनी एका फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने राखाडी आणि पांढऱ्या उंदरांचा संकर करून तेच नियम सस्तन प्राण्यांनाही लागू पडतात हे दाखवलं. १९०५ मध्ये त्यालाच पिवळ्या उंदरांचं कोडं पडलं. पिवळ्याला पिवळा लावला तरी शुद्ध पिवळा वंश काही हाती येईना, दर वेळी काही पिल्लं दुसऱ्या रंगाची निघत. १९१० मध्ये अमेरिकेत मोजदाद झाली तेव्हा पिवळे दोन आणि इतर एक असं प्रमाण निघालं. दोन्हीकडून पिवळा वारसा आलेला गर्भ जन्मण्यापूर्वीच मरतो, हा त्याचा अर्थ. वाटोळे, लठ्ठ होणारे हे पिवळे उंदीर पुढे ऐंशी वर्षं प्रयोगशाळांतून फिरत राहिले. ते लठ्ठ का होतात हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

रंगासाठी उंदीर पाळणाऱ्या हौशी मंडळींचे विज्ञानावर उपकार आहेत. त्यांनी जपलेल्या चित्रविचित्र रंगांच्या उंदरांमुळेच प्रत्येक जागेला, म्हणजे रंग ठरवणाऱ्या जनुकाच्या गुणसूत्रावरच्या ठिकाणाला, एकेक अक्षर मिळत गेलं: अगुटीला (रानउंदराच्या मातकट, पट्ट्यांच्या केसाला) ए, तपकिरीला बी, पांढऱ्याला सी, फिकट रंगाला डी, आणि काळा किती पसरतो ते ठरवणाऱ्या जागेला ई. १९०९ पासून जवळच्या नात्यात पैदास करत तयार झालेला पहिला शुद्ध वंशही रंगासाठीच निवडलेला होता. ही अक्षरं गाई, घोडे, कुत्रे, मेंढ्या, मांजरं सगळ्यांच्या तक्त्यांत उचलली गेली. एका प्राण्याची अक्षरं दुसऱ्याला चिकटवताना काय घोटाळा होऊ शकतो, ते पुढे कुत्र्यांच्या बाबतीत दिसलं.

रसायनाची बाजू वेगळ्याच वाटेने पुढे सरकत होती. टायरोसिन या अमिनो आम्लावर तांबंयुक्त विकर टायरोसिनेज काम करतं, त्यातून डोपाक्विनोन तयार होतो. तिथे सिस्टीन मिळालं तर पुढे पिवळं-तांबडं फिओमेलॅनिन, नाही मिळालं तर काळं-तपकिरी युमेलॅनिन. पाटाचं पाणी एकच असतं, दारं कुठे मोडलं त्यावर ते या वाफ्यात जायचं की त्या वाफ्यात हे ठरतं, तसंच हे. टायरोसिनेजच नसेल तर पाटच कोरडा आणि प्राणी संपूर्ण पांढरा.

या विकराचं जनुक सापडण्याची गोष्ट मजेशीर आहे. १९८६ मध्ये उंदरातला एक जनुक-तुकडा टायरोसिनेजचा म्हणून जाहीर झाला. दोन वर्षांत कळलं की तो पांढऱ्या उंदरांच्या सी जागेवर बसत नाही, तपकिरी उंदरांच्या बी जागेवर बसतो. खरं टायरोसिनेज तोवर, १९८७ मध्ये, वेगळं सापडलेलं होतं. चुकून सापडलेल्या त्या प्रथिनाला मग 'टायरोसिनेजशी संबंधित प्रथिन १' असं नाव मिळालं आणि तेच आजही चालतं. त्याच्यात बिघाड झाला की काळा रंग तपकिरी होतो. चॉकलेटी लॅब्रॅडोर हे त्याचं रोज दिसणारं उदाहरण.

१९९२ ते १९९५

या विषयातला खरा कलाटणीचा काळ म्हणजे ही तीन-चार वर्षं. १९९२ मध्ये मेलॅनोकॉर्टिन संप्रेरकाचा रंगपेशीवरचा ग्राहक हाती आला. त्याला आज एमसी१आर म्हणतात. माणसात ३१७ अमिनो आम्लांची ही साखळी पेशीच्या पडद्यातून सात वेळा आरपार जाते. १९९३ मध्ये सिद्ध झालं की उंदरांच्या तक्त्यातली ई जागा म्हणजे हाच ग्राहक. संप्रेरक त्याला चिकटलं की पेशीच्या आत सायक्लिक एएमपी हा निरोप पोचवणारा रेणू वाढतो, एमआयटीएफ हे प्रथिन रंगाची विकरं बनवणारी जनुकं जोरात चालवतं आणि युमेलॅनिन तयार होतं. ग्राहक थंड पडला की पेशी फिओमेलॅनिनकडे वळते.

त्याच सुमारास अगुटीचं जनुकही वेगळं काढलं गेलं. अगुटी हे रंगपेशीत बनतच नाही. केसाच्या मुळाशी असलेल्या शेजारच्या पेशी ते बाहेर सोडतात. त्वचेच्या कलमांवरून याचा अंदाज १९५० च्या दशकातच आला होता, पुरावा आता मिळाला. १९९४ मध्ये साखळी पूर्ण झाली: अगुटी एमसी१आरवर जाऊन बसतं आणि संप्रेरकाला जागा देत नाही. रानउंदराचा केस जवळून बघितला तर टोक काळं, खाली पिवळा पट्टा, बुडाशी पुन्हा काळा असतो. केस वाढण्याच्या चक्रात अगुटी फक्त थोडे दिवस सुटतं, तेवढ्या दिवसांत तयार झालेला भाग पिवळा. सशाच्या, कोल्ह्याच्या अंगावरचा 'मातकट' रंग बहुतेक या पट्ट्यांच्याच मिश्रणाचा असतो.

पिवळ्या लठ्ठ उंदरांचं कोडंही इथेच सुटलं. त्यांच्यात जनुकांमधला सुमारे १,७०,००० अक्षरांचा (म्हणजे डीएनएच्या साखळीतल्या दुव्यांचा) भाग गळून पडला होता आणि शेजारच्या एका जनुकाचं चालू-बंद करणारं नियंत्रण अगुटीच्या माथी बसलं होतं. परिणामी अगुटी अंगभर, सतत, नको त्या अवयवांतही तयार होत होतं. त्वचेत त्याने रंग पिवळा केला, मेंदूत भूक आवरणाऱ्या तशाच दुसऱ्या ग्राहकाला अडवलं. रंगाच्या अभ्यासातून लठ्ठपणाच्या संशोधनाला मिळालेली ही वाट आजच्या औषधांपर्यंत जाते. आणि जो गर्भ मरत होता, तो मधलं जनुक दोन्ही प्रतींतून हरवल्यामुळे.

१९९५ मध्ये नॉर्वेतल्या एका गटाने गाईंकडे मोर्चा वळवला. काळ्या गाईंच्या एमसी१आरमध्ये ९९ व्या जागी ल्युसिनऐवजी प्रोलिन होतं. या एका बदलाने ग्राहक संप्रेरकाची वाट न बघता चालू राहतो, अगुटीचं त्याच्यापुढे काही चालत नाही. तांबड्या गाईंत उलट प्रकार: एकच अक्षर गळल्याने पुढचा सगळा मजकूर विस्कटतो आणि ग्राहक निकामी होतो. काळा प्रबळ, तांबडा अप्रबळ. कृष्णाकाठच्या गोठ्यांत एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) वळूंचं गोठवलेलं वीर्य आलं तेव्हापासून पहिल्या पिढीची कालवड बहुधा काळी का निघते, याचं उत्तर एवढंच आहे. आई पांढरी खिलार असो की तांबडी गावठी, एचएफकडून आलेली एक प्रत पुरते.

अमेरिकेत याच जातीतल्या तांबड्या-पांढऱ्या वासरांना कित्येक दशकं जातीच्या नोंदवहीत जागा नव्हती. ती १९७० च्या सुमारास मिळाली. दूध तेच, आईबाप तेच, फक्त दोन्हीकडून एक अक्षर गळलेलं. रंगाच्या नावाखाली किती चांगल्या गाई बाजूला पडल्या असतील याचा विचार नोंदवही ठेवणाऱ्यांनी केला नाही, असंच म्हणावं लागतं.

१९९५ मध्येच माणसांच्या तांबड्या केसांचा संबंध एमसी१आरशी जोडला गेला. १९९६ मध्ये तांबूस घोड्यांचं कारण त्याच ग्राहकात सापडलं आणि त्याच वर्षी पांढऱ्या डुकरांचं कारण मात्र किट या दुसऱ्याच जनुकाच्या दुणावलेल्या प्रतीत. २००१ मध्ये काळ्या घोड्यांचं कारण अगुटीतून गळलेल्या ११ अक्षरांत निघालं. एकदा जागा ठाऊक झाल्यावर बाकीचं काम हमालीचं होतं, पण ती हमाली नेटाने झाली.

कुत्र्यांचा 'प्रबळ काळा'

या सगळ्यात कुत्रा एकटा अडून बसला. आणि तो का अडला हे नीट सांगणं गरजेचं आहे, कारण इथे अडचण निसर्गाची कमी आणि कागदावर एकदा घेतलेल्या निर्णयाची जास्त होती.

१९५७ मध्ये अमेरिकेत कुत्र्यांच्या रंगांच्या आनुवंशिकतेवर एक ग्रंथ निघाला. लेखक या क्षेत्रातला दबदबा असलेला माणूस, उंदरांवर आयुष्य घालवलेला. त्याने कुत्र्यांचे रंग उंदरांच्या अक्षरांत बसवले आणि एकरंगी काळ्याला अगुटीच्या मालिकेत, म्हणजे त्या एकाच जागेवर येऊ शकणाऱ्या पर्यायांच्या क्रमात, सगळ्यात वर, सगळ्यांत प्रबळ म्हणून जागा दिली. अंगावर वाघासारखे पट्टे असलेल्या कुत्र्यांना, आपल्याकडे ज्यांचं नाव हमखास वाघ्या असतं त्यांना, त्याने ई मालिकेत बसवलं. दोन्ही जागा चुकल्या होत्या.

पहिली गोष्ट अशी की अगुटीत प्रबळ काळा असणं हेच विचित्र. उंदरात, मेंढीत, घोड्यात अगुटीच्या मालिकेत पिवळा किंवा पांढरा वर असतो आणि काळा तळाशी. कारण उघड आहे: काळा म्हणजे अगुटीचं नसणं, आणि नसलेली गोष्ट असलेल्या गोष्टीवर सहसा मात करत नाही. अर्थात १९५७ मध्ये अगुटी हे अडवणारं प्रथिन आहे हे कुणाला माहीत नव्हतं, त्यामुळे लेखकाला सगळा दोष देता येत नाही. पण इतर प्राण्यांच्या तक्त्यांत ही मालिका उलटी आहे हे समोर दिसत होतंच.

दुसरी गोष्ट पैदाशीतूनच तपासता येण्यासारखी होती. एक काळा कुत्रा घ्या, ज्याच्या पूर्वजांत पिवळेही आहेत. त्याला भुवयांवर, छातीवर आणि पायांवर तांबडे डाग असलेली काळी कुत्री लावा. जुन्या तक्त्यानुसार कुत्र्याकडे अगुटीच्या जागी दोनच प्रती असणार, एक काळी आणि दुसरी समजा पिवळी. मग पिल्लं काळी होतील किंवा पिवळी होतील, आईसारख्या डागांचं एकही होऊ शकत नाही. पण काळ्या रंगाची जागाच वेगळी असेल, तर त्या कुत्र्याच्या अगुटीच्या दोन्ही प्रती काळ्याखाली झाकलेल्या असतात, एक पिवळी आणि एक डागांची. मग एकाच वेतात काळी, पिवळी आणि डागांची अशी तिन्ही पिल्लं निघू शकतात. डागांचं एक पिल्लू तक्ता मोडायला पुरेसं होतं. पण असं पिल्लू निघालं की संशय तक्त्यावर न घेता बापावर घेणं सोपं असतं.

तक्ता टिकण्याला आणखी एक कारण. ज्या जातीत सगळेच काळे, तिथे काळ्याखाली काय दडलंय हे दिसायची सोयच नव्हती. आणि पिवळा रंगही कुत्र्यांत दोन वाटांनी येतो. पिवळ्या लॅब्रॅडोरमध्ये एमसी१आर निकामी असतो, तर पिवळ्या ग्रेट डेनमध्ये ग्राहक धडधाकट असून अगुटी जास्त. वरून दोघे सारखे. अशा दोन पिवळ्यांच्या जोडीतून काळी पिल्लंही निघू शकतात, आणि ती निघाली की हौशी पाळणारे चक्रावून जातात.

काही जाणकारांनी काळ्याला गाईंसारखं ई जागेवर बसवावं असंही सुचवलं होतं. म्हणजे वाद 'ए की ई' एवढाच राहिला. तिसरी जागा असू शकते हा विचार मागे पडला. छापलेल्या तक्त्याचा दरारा असा असतो. जवळजवळ ४५ वर्षं जातींच्या मंडळांची माहितीपत्रकं, पशुवैद्यकाची पाठ्यपुस्तकं आणि पाळणाऱ्यांच्या वह्या तोच तक्ता उतरवत राहिल्या.

२००३ मध्ये लॅब्रॅडोर आणि ग्रेहाउंड यांच्या संकरातून तयार झालेल्या कुटुंबावर काम झालं. काळा रंग एमसी१आरसोबत वारशाने जात नाही आणि अगुटीसोबतही जात नाही, असं त्यात स्वच्छ निघालं. दोन्ही पक्ष एकदमच बाद. नव्या जागेला के हे अक्षर मिळालं. २००७ मध्ये तिथलं जनुक सापडलं आणि धक्का खरा तेव्हा बसला: ते बीटा-डिफेन्सिन घराण्यातलं निघालं. त्वचेत, तोंडात, श्वासनलिकेत जंतूंना रोखणारी ही छोटी प्रथिनं. रंगाशी त्यांचा संबंध असेल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. काळ्या कुत्र्यांत या प्रथिनातलं एक अमिनो आम्ल गळालेलं असतं. बदललेलं प्रथिन एमसी१आरला घट्ट चिकटतं आणि अगुटीला तिथे बसू देत नाही. हे कुत्र्याचं जनुक उंदरात घातलं तेव्हा उंदीरही काळे झाले, त्यामुळे शंकेला जागा उरली नाही. वाघ्याचे पट्टेही याच जागेचे निघाले.

म्हणजे जुन्या ग्रंथातली निरीक्षणं बरोबर होती, काळा प्रबळ आहे हेही बरोबर होतं, फक्त त्याला बसवलं चुकीच्या खुर्चीवर. काहीजण याला किरकोळ दुरुस्ती म्हणतात. ते पटत नाही. चुकीच्या खुर्चीमुळे एका अख्ख्या प्रथिन-घराण्याचा रंगाशी असलेला संबंध उशिरा कळला. २००९ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या काळ्या लांडग्यांत हाच बदल सापडला, आणि तो पाळीव कुत्र्यांकडून त्यांच्यात गेलेला होता. २०२२ मध्ये काळ्या लांडग्यांचा संबंध डिस्टेंपर रोगापासून मिळणाऱ्या संरक्षणाशी जोडला गेला. जंतूंशी लढणाऱ्या घराण्यातलं प्रथिन म्हटल्यावर हे ओघानेच आलं, पण के ही जागा ठाऊक नसती तर हा प्रश्न कुणी विचारलाच नसता.

अगुटीचा तक्ताही पुढे एकदा बदलला. २०२१ मध्ये दिसून आलं की कुत्र्यांतले पिवळा, छटांचा पिवळा, रानटी पट्ट्यांचा, पाठीवर खोगीर असलेला आणि पाठ काळी असलेला असे पाच नमुने प्रथिनातल्या बदलाने होत नाहीत. अगुटीला दोन चालू-बंदची ठिकाणं आहेत, एक पोटाकडच्या बाजूसाठी आणि दुसरं केसाच्या वाढीच्या चक्रासाठी. त्यांच्या वेगवेगळ्या जोड्यांतून हे नमुने येतात. त्यातल्या पिवळ्याची जोडी २० लाख वर्षांहून जुन्या, आता नामशेष झालेल्या एका कुत्रावर्गीय प्राण्यापासून आली आहे आणि उत्तर ध्रुवाकडच्या पांढऱ्या लांडग्यांतही तीच आहे.

पांढराही एक नव्हे

काळ्याची ही तऱ्हा, पांढऱ्याची त्याहून अवघड. पांढऱ्या लोकरीच्या मेंढ्यांचं कारण २००८ मध्ये बाहेर आलं. अगुटीच्या भोवतीचा सुमारे १,९०,००० अक्षरांचा भाग दुणावला आहे आणि दुसऱ्या प्रतीतलं अगुटी शेजारच्या जनुकाच्या नियंत्रणाखाली अंगभर चालतं. पिवळ्या उंदरात घडलं त्याच प्रकारचं हे, पण मेंढीत केस पांढरा दिसतो. अशा कळपात दोन पांढऱ्यांच्या पोटी अचानक काळं कोकरू निघालं तर ते अगुटी निकामी असलेल्या दोन प्रती एकत्र आल्याने. मेंढ्यांत एमसी१आरमधून येणारा प्रबळ काळाही आहे, तो १९९९ मध्ये नॉर्वेच्या मेंढ्यांत दिसला. त्यामुळे दोन मेंढ्या सारख्याच काळ्या असल्या तरी त्यांची कोकरं सारखी निघतीलच असं नाही. घोंगडीसाठी काळी लोकर राखणारा मेंढका नर निवडताना त्याच्या रंगासोबत त्याच्या आधीच्या कोकरांकडेही बघतो, ते उगाच नाही.

एचएफच्या अंगावरचे पांढरे पट्टे वेगळ्याच कारणाचे. तिथे रंगपेशी मुळात पोचलेल्याच नसतात. गर्भात या पेशी पाठीच्या कण्याजवळून निघून अंगभर पसरतात, त्यांच्या प्रवासाला आणि तगण्याला किट आणि एमआयटीएफ ही जनुकं लागतात. प्रवास अपुरा राहिला की पोट, पाय, कपाळ असे शेवटी गाठायचे भाग पांढरे राहतात. म्हशीच्या कपाळावरचं चांदणं, घोड्याचे पांढरे पाय हे याच जातकुळीतले.

म्हशींतच बघा. पांढऱ्या दलदली म्हशींचं कारण २०२१ मध्ये अगुटीत घुसलेल्या एका फिरत्या जनुक-तुकड्यात सापडलं. इंडोनेशियातल्या पांढऱ्या ठिपक्यांच्या म्हशींचं एमआयटीएफमध्ये. आणि मुऱ्हा जातीत क्वचित जन्मणाऱ्या गुलाबी कातडीच्या रेडकाचं टायरोसिनेजमध्ये. पांढऱ्या वाघाचा दोष २०१३ मध्ये चौथ्याच प्रथिनात निघाला, रंग साठवणाऱ्या पुटिकांना लागणाऱ्या एका वाहक-प्रथिनात. चांदोली-कोयनेच्या बिबट्याची ज्या जातीत गणना होते तिच्यात काळा रंग अगुटी बिघडल्याने, अप्रबळ म्हणून येतो. दक्षिण अमेरिकेतल्या जग्वारमध्ये तो एमसी१आरमुळे, प्रबळ म्हणून. लोक दोघांनाही ब्लॅक पँथरच म्हणतात.

खिलारीपाशी आलं की प्रश्न आणखी वेगळा होतो. खिलारीच्या वासराचा माथा जन्मतः तांबूस असतो आणि काही आठवड्यांतच तो उजळत जातो. पुढे गाय पांढरी राहते, वळू मात्र मान, खांदे आणि मांड्यांवर काळवंडतो. म्हसवडकडच्या जनावरांच्या चेहऱ्यावर करड्या-पांढऱ्या ठिपक्यांची नक्षीही दिसते. म्हणजे एकाच जनावरात, वयाप्रमाणे, नर-मादीप्रमाणे आणि अंगाच्या भागाप्रमाणे रंग बदलतो. प्रथिन मोडलं असतं तर ते जन्मभर आणि अंगभर मोडलेलंच राहिलं असतं. इथे बदलतंय ते प्रथिन किती, कुठे आणि कधी तयार होतं हे.

वशिंडाच्या करड्या गाईंवरचं यातलं महत्त्वाचं काम आपल्याकडे झालेलं नाही, ब्राझीलमध्ये झालं. तिथल्या नेलोर गाई मूळच्या आंध्रातल्या ओंगोलच्या वंशातल्या. २०२१ च्या अभ्यासात त्यांच्या अंगावरच्या काळवंडण्याचा संबंध अगुटीच्या जनुकातल्या मोठ्या फेरफारांशी लागला. हे फेरफार प्रथिनाच्या मजकुरात नाहीत, त्याआधीच्या नियंत्रणाच्या भागात आहेत. जनावर इथून गेलं आणि उत्तर तिकडून आलं, यावर चडफडण्यापेक्षा उत्तर वापरणं शहाणपणाचं. खोंडाचा काजळी खांदा अगुटीच्या एका-दोन ठिकाणांवर ठरत असेल, तर तो बघून जनावराच्या बाकी रक्ताबद्दल फारसं काही सांगता येत नाही. शिंगांची ठेवण, वशिंड, पायांची काटक ठेवण, चाल यांच्यामागे शेकडो ठिकाणं असतात.

मांजराच्या तांबड्या रंगाचं उत्तर मिळायला तर २०२५ उजाडलं. तिरंगी मांजर बहुधा मादीच असते, कारण तो गुण एक्स गुणसूत्रावर आहे आणि मादीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच एक्स चालू असतं, हे १९६१ पासून माहीत होतं. पण जनुक कोणतं ते जपान आणि अमेरिकेतल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं. सुमारे ५,००० अक्षरांचा तुकडा गळल्याने एक जनुक रंगपेशीत नको असताना चालू होतं आणि एमसी१आरच्या पुढची साखळी तोडतं. ग्राहकही शाबूत, अगुटीही शाबूत, तरी रंग तांबडा.

भारतात गाईंच्या देशी जातींसाठी ११,४९६ खुणा तपासणारी पहिली जनुकीय चिप २०२१ मध्ये आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशिमच्या कार्यक्रमात गाईंसाठी आणि म्हशींसाठी अशा दोन नव्या चिपा जाहीर झाल्या. शेपटीचे केस किंवा रक्ताचा थेंब यावरून जनावराची जात, मिसळ आणि नातं यांचा अंदाज या चिपांतून येतो, आणि हा हिशोब हजारो ठिकाणांवरून होतो. त्यात रंगाशी संबंध असलेली ठिकाणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच. यात्रेतल्या 'मिसळ आहे की नाही' या वादाचा निकाल आता तिथे लावता येतो. खांद्याचा रंग फार तर एवढंच सांगेल की त्या खोंडात अगुटीची कोणती प्रत आहे.